पाणी आलं का, फिदेन्सिओ?

मी बोलतेय, पण आधी जरा तोंड तिकडं करा. लिंबाच्या झाडाकडं बघा, कुंपणाकडं बघा, कुठंही बघा. माझ्याकडं असं टक लावून बघितलंत तर मला शब्द फुटायचा नाही. अंगावरचं सगळं उतरवून घेतलेल्या म्हातारीकडं कुणी असं बघतं का?

मी मोटारसायकल आहे. कोल्टन गावात, रुळांच्या अलीकडच्या आपल्या वस्तीत, आर्मेंटांच्या स्वयंपाकघराला लागून जी पत्र्याची शेड आहे ना, तिथं उभी असते. आता मला चॉपर म्हणतात. म्हणजे काय, तर जुन्या गाडीचं जे जे कापता येईल ते कापायचं, आणि उरलेलं ओढून लांब करायचं. पुढचं चाक धरणारा माझा चिमटा इतका लांब केलाय की माझं पुढचं चाक माझ्या आधी वळणावर पोचतं. हँडल तर असं उंच केलं होतं की चालवणारा दोन्ही हात वर करून पोलिसांना शरण आल्यासारखा दिसायचा. पुढचा ब्रेक काढला, मडगार्ड काढले, चामड्याच्या पिशव्या काढल्या. टाकी होती घागरीएवढी, आता तांब्याएवढी आहे. आणि ह्या सगळ्या झगमगाटात डाव्या अंगाला एक हातपंपाचा दांडा आहे. बघू नका म्हटलं ना. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म मोठ्या लढाईच्या धामधुमीतला. आम्ही सगळ्या बहिणी फौजेसाठी केलेल्या. शेवाळी हिरवा रंग, बंदूक ठेवायला चामड्याची म्यान, थाट विचारू नका. आणि एवढा थाट करून माझ्या नशिबी काय आलं? लाकडी खोकं. बहिणी वाळवंटात गेल्या, चिखलात गेल्या, काही परत आल्याच नाहीत. मी मात्र लढाई संपेपर्यंत गवताच्या काड्यांत गुंडाळून पडलेली. तू कुठं लढलीस, असं कुणी विचारलं की मला अजून खाली बघावंसं वाटतं.

खोकं उघडलं ते फिदेन्सिओ आर्मेंटानं. रेल्वेच्या यार्डात डबे जोडायचं काम करायचा. काटकुळा, मिशीचा, आणि हसला की आधी खांदे हसायचे. फौजेचा माल स्वस्तात निघाला होता त्यातून त्यानं मला आणलं, रंग खरवडला आणि डाळिंबी रंग दिला. मग तो चोनाला फिरवायला लागला. चोना संत्र्यांच्या वखारीत कामाला होती. एकेक संत्रं कागदात गुंडाळायची, तिच्या हातांचा वास माझ्या सीटला लागला होता. बंदुकीच्या म्यानात ती आपली उन्हाची छत्री ठेवायची. लढाईला गेले नाही, पण छत्री मात्र मी इमानानं वाहिली.

आता एक गोष्ट नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या जातीच्या गाड्यांचा गियर डाव्या हातानं टाकायचा आणि क्लच डाव्या पायानं दाबायचा. तो क्लच गरीब गाईसारखा होता. जिथं ठेवाल तिथं राहायचा. पुढं ढकला, पुढं राहील. मागं ओढा, मागं राहील. उगाच उसळी मारायची नाही.

दोघांचं लग्न झालं, लालो झाला, आणि लालो रांगत असताना यार्डात दोन डब्यांच्या मध्ये फिदेन्सिओचा डावा पाय सापडला. घोट्याखाली काही उरलं नाही. लाकडाचं पाऊल बसवलं, त्यावर बूट चढवला. बूट छान दिसायचा, पण त्याला क्लच कळत नव्हता.

सगळे म्हणाले, विकून टाक. फिदेन्सिओ नुसता माझ्याजवळ येऊन उभा राहायचा. अंगणात तेव्हा जुना हातपंप होता. घरात नळ आल्यापासून तो गंजत पडलेला. एके दिवशी चोनानं त्याचा दांडा उपटून आणला आणि नवऱ्यापुढं आपटला.

"हे काय गं?"

"दांडा. पायानं ढकलता येत नाही तर हातानं ओढ."

"पंपाचा दांडा? गाडीला?"

"मग त्याचं काय लोणचं घालायचंय?"

फिदेन्सिओचा यार्डातला जोडीदार सिक्स्तो, तोच लालोचा धर्मबाप. पोरगं त्याला निनो म्हणायचं, इथं सगळे धर्मबापाला निनोच म्हणतात. त्यानं आणि फिदेन्सिओनं मिळून तो दांडा माझ्या क्लचला जोडला. आधी हातानं दांडा ओढायचा, तो तिथंच राहतो, मग त्याच हातानं गियर टाकायचा, मग दांडा पुन्हा सोडायचा. झक्क चालायचं. फक्त दिसायला मात्र माणूस रस्त्यानं पाणी उपसत निघाल्यासारखा दिसायचा.

पहिल्याच फेरीला सिक्स्तोनं आपल्या फाटकातून हाळी दिली, "फिदेन्सिओ, पाणी आलं का रे?"

"आलं! बादली आण!" फिदेन्सिओ ओरडला, आणि त्याचे खांदे हसले.

झालं. सगळी वस्ती तेच विचारायला लागली. बेकरीवाला विचारायचा, चर्चच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाया विचारायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. फिदेन्सिओला काही वाटायचं नाही, प्रत्येकाला एकच उत्तर: आलं, बादली आण.

मग लालो शाळेत जायला लागला. फिदेन्सिओ त्याला मागं बसवून सोडायला जायचा. आणि मोठ्या माणसांच्या तोंडातलं जे प्रेमाचं असतं ना, ते पोरांच्या तोंडात गेलं की दगड होतं. शाळेच्या फाटकावर पोरं घोळका करून उभी राहायची. बादल्या धरल्यासारखे हात करून नाचायची. पाणी आलं का, पाणी आलं का! मला लालोचे गुडघे कळायचे. माझ्या अंगाला घट्ट चिकटायचे.

एकदा बेकरीच्या कोपऱ्यावर तो म्हणाला, "अपा, मला इथंच सोडा."

"का रे? शाळा तर पुढं आहे."

"मला चालायला आवडतं."

फिदेन्सिओनं दांडा ओढला, मला थांबवलं. पोरगं उतरलं आणि मागं न बघता गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपरा. मग रोजच. न सांगता फिदेन्सिओ तिथं थांबायला लागला. पुढं पुढं तर हात आपोआपच दांड्याकडं जायचा. पोरगं वळेपर्यंत तो तिथंच उभा राहायचा. खांदे अगदी गप्प.

थोड्याच दिवसांत त्यानं मला शेडमध्ये आणलं, वर ताडपत्री टाकली आणि घरात जाऊन सांगितलं, "इंजिन बसलं. संपली गाडी."

माझं इंजिन! तुम्हाला सांगते, ते ठणठणीत होतं. पण मी काय बोलणार. चोनानं नवऱ्याकडं एकदा बघितलं आणि भाकऱ्या उलटायला लागली.

दर रविवारी प्रार्थनेहून आला की फिदेन्सिओ ताडपत्रीखाली हात घालायचा, प्लग काढून आत थोडं तेल सोडायचा, किक हलकेच फिरवायचा, म्हणजे आतलं काही धरू नये. तेल पाजताना हळूच म्हणायचा, "पोरगं मोठं होऊ दे. मग जाऊ आपण." चोनाची छत्री म्यानात तशीच होती. किती वर्षं गेली मी मोजली नाहीत. मोजून लाजच वाढली असती.

लालो मोठा झाला. त्याला फौजेनं नेलं, समुद्रापलीकडच्या लढाईत. तो खोक्यात बसून राहिला नाही, खरं लढून आला. त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. पोलादाच्या कारखान्यात लागला, केस वाढवले, आणि ताचो नावाच्या एका रंगाऱ्याच्या संगतीनं चॉपर बांधायचा नाद लागला त्याला. ताचो म्हणजे तोंडानं कात्री आणि हातानं देवमाणूस. टाकीवर ज्वाळा काढल्या की हात भाजेल असं वाटावं.

एके रविवारी लालो शेडमध्ये आला, ताडपत्री उचलली. फिदेन्सिओ माझ्याशेजारीच होता, तेलाचा डबा पाठीमागं लपवून.

"अपा, ही मला द्या. तुमची गाडी मी पुन्हा रस्त्यावर आणतो."

फिदेन्सिओनं डबा तसाच पाठीमागं खाली टेकवला. मग म्हणाला, "खरंच आणतोस?"

"तुम्ही बघाच."

"घे, पोरा. घे." लालो गेल्यावर त्यानं माझ्या टाकीवर थापटलं. मला वाटलं, आलं. पाणी आलं एकदाचं.

इथं चूक झाली. कुणाची म्हणू? लालो म्हणाला गाडी रस्त्यावर आणतो, आणि ते खरंच होतं. फिदेन्सिओनं ऐकलं, अपा, तुम्हाला रस्त्यावर आणतो. चॉपरवाल्यांची रीत अशी की जो बांधतो त्याच्याच मापाची गाडी. त्याच्या पायाची लांबी, त्याच्या हाताची उंची. दुसरं कुणी त्यावर बसेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. आणि अपांना अजून चालवायची असेल, हे लालोच्या स्वप्नातही आलं नाही.

ताचोच्या गॅरेजात माझं अंग अंग सोडवलं. इंजिन उघडलं तेव्हा दोघं बघत राहिले.

"बसलं म्हणत होतास ना?" ताचो म्हणाला. "हे तर लोण्यासारखं फिरतंय. आणि हे बघ, ताजं तेल. मेलेल्याला तेल कोण पाजतं रे?"

"अपांना सवयच आहे," लालो हसला. "कुंपणाच्या फाटकालासुद्धा पाजतात."

मी ओरडले असते, पण माझा आवाज तेव्हा टेबलावर तुकड्यातुकड्यांनी मांडलेला होता.

मग लालोनं गॅसची ज्योत पेटवली. सगळ्यात आधी काय कापलं, सांगा. तो दांडा. दात ओठ खाऊन कापला. तो खाली पडला तेव्हा लालोनं लाथेनं कोपऱ्यात सरकवला, आणि चेहरा असा, जसा काही शाळेच्या फाटकावरचा एकेक पोरगा लाथेखाली आला. त्याचा राग करू नका. मलाही त्या दांड्याची लाज होतीच. कापला तेव्हा एक क्षण मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग चिमटा बसतो ती माझी मान कापून मागं झुकवली. मोडक्या ट्रकच्या दांड्या जोडून चिमटा लांब केला. आणि तो गरीब क्लच काढून तिथं स्प्रिंगचं पेडल बसवलं. पाय उचलला की फटकन मागं येणारं. चॉपरवाले त्याला आत्मघाती क्लच म्हणतात आणि छाती फुगवतात. छत्रीची म्यान भंगारात गेली, छत्री तेवढी चोनानं आधीच घरात नेली होती.

आमच्या चर्चची जत्रा उन्हाळ्यात असते. त्या दिवशी पाद्री गाड्यांवर पाणी शिंपडून आशीर्वाद देतो, आणि सगळ्यात देखण्या गाडीला फीत मिळते. लालोनं मला तिथं आणलं. निळा रंग, त्यात नारिंगी ज्वाळा, क्रोम असा की बायका त्यात बघून केस सारखे करत होत्या. लोक जमले. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी खाली वाकून माझ्या पोटाखाली बघितलं. मी कुठं तोंड लपवू? मडगार्डसुद्धा नव्हतं आडोशाला.

आणि गर्दीतून फिदेन्सिओ आला. टोपी, पांढरा सदरा, बूट चकाकणारे. दोन्ही हातांत गाडी चालवायचे जुने हातमोजे. मागं चोना, निळ्या झग्यात, हातात छत्री.

लालोला वाटलं, प्रार्थनेला नटून आलेत. "अपा, कशी झाली?"

"छान झाली, पोरा. लांब झाली." फिदेन्सिओ माझ्याभोवती एक चक्कर मारून आला. डाव्या बाजूला जरा थबकला. मग म्हणाला, "सरक जरा."

लालो सरकला. फिदेन्सिओ बसला. किती वर्षांनी तो भार माझ्या पाठीवर आला! त्याचा डावा हात खाली गेला, जिथं दांडा असायचा तिथं, आणि हवेवर मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. मग त्यानं बूट पेडलवर ठेवून बघितला. लाकूड घसरलं. स्प्रिंग उसळली. टक्. एवढाच आवाज.

तेवढ्यात पाद्री पुढं झाला, सगळ्यांवर पाणी उडवलं, आणि गर्दीतून सिक्स्तोची हाळी आली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. "फिदेन्सिओ, पाणी आलं का रे? आज तर वरूनच आलं!"

लोक खो खो हसले. जुनी ओळखीची थट्टा ती. सगळे बादलीची वाट बघत होते.

"आज विहीर आटली, सिक्स्तो," फिदेन्सिओ म्हणाला.

लोक आणखी हसले. लालो नाही हसला. तो त्या हाताकडं बघत होता. फिदेन्सिओ उतरला, टाकीवर त्याच्या मोज्याचा डाग पडला होता तो बाहीनं पुसला. परक्याच्या वस्तूला हात लागल्यासारखा पुसला हो. "तू ने, पोरा. माझा गुडघा आज बरा नाही." चोनानं छत्री मिटली.

त्या दिवशी मला पहिल्या नंबरची फीत मिळाली. ताचोनं ती उंच हँडलला बांधली. घरी येईपर्यंत ती माझ्या तोंडावर फडफडत होती, कुणी थोबाडीत मारावं तशी.

संध्याकाळी शेडमधून मला स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येत होतं. चोना घेवडा निवडत होती, लालो समोर बसला होता.

"अमा, अपांनी हातमोजे का घातले होते?"

"गाडी चालवायला. मग काय भाकऱ्या भाजायला?"

"पण त्यांनी तर कधीच सोडली ना. इंजिन बसलं तेव्हा."

"बसलं होतं? उघडलंस तर तूच. सांग, बसलं होतं?"

घेवड्यातले खडे ताटलीत पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"बेकरीच्या कोपऱ्यावर तू उतरायचास," चोना म्हणाली. "चालायला आवडतं म्हणून."

"अमा, मी लहान होतो."

"म्हणून तर तुला ते काही बोलले नाहीत. मला म्हणाले, पोराला माझी लाज वाटते, मोठा होऊ दे. मोठा झालास. मिश्या आल्या. तुमची गाडी रस्त्यावर आणतो म्हणालास. त्या दिवसापासून म्हातारा रोज बूट पुसत होता."

"मला... मला वाटलं नव्हतं, अमा."

"मला माहीत आहे रे, तुला वाटलं नव्हतं. तेच तर लागलं त्यांना."

लालो म्हणाला, "तो दांडा तर भंगारवाल्यानं नेला असेल."

"खिडकी लाव," चोना म्हणाली, "धूळ येतेय."

लालो खिडकीशी आला. ती वर सरकणारी खिडकी, दोऱ्या कधीच तुटलेल्या, खाली टेकू दिल्याशिवाय उघडी राहत नाही. त्यानं टेकूला हात घातला आणि तसाच उभा राहिला. मी बाहेरून बघत होते. पंपाचा दांडा. एका टोकाला ज्योतीनं कापल्याचा काळा डाग. ताचोच्या गॅरेजात भाकऱ्या पोचवायला गेली होती तेव्हा चोनानं उचलून आणला होता.

त्यानं तो काढला. खिडकी धाडकन पडली. चोनानं मान वर केली नाही.

ताचो तर वेडाच झाला. "क्रोमवर हातपंप? ह्या ज्वाळा काढताना माझे डोळे गेलेत! लोक हसतील रे, लालो."

"हसू देत."

"पहिल्या नंबरची गाडी आहे!"

"ताचो, तू तो जुना क्लच कुठल्या डब्यात टाकलास तेवढं सांग."

ताचो पुटपुटत डबे उलटे करायला लागला. शेवटी दांड्यावरचा जोड त्यानंच घासून गुळगुळीत केला, आणि दांड्याच्या टोकाला, कुणी बघत नाही असं बघून, एक इवलीशी ज्वाळा काढली.

लालोनं हँडल खाली आणलं. सीटच्या पाठीमागच्या उंच दांडीला छत्रीसाठी एक कडी लावली. मग अपांच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला.

"अपा, शाळेकडं जायचंय. सोडता का?"

फिदेन्सिओनं वर्तमानपत्र खाली केलं नाही. "माझा गुडघा..."

"म्हाताऱ्या, ऊठ!" आतून चोना ओरडली. "पोरगं उशिरा पोचेल!"

किक लालोनं मारली. फिदेन्सिओ बसला, लालो त्याच्या मागं, केवढा थोरला गडी, गुडघे पोटाशी. फिदेन्सिओचा हात खाली आला. ह्या वेळी हवा नव्हती. दांडा ओढला, गियर टाकला, दांडा सोडला. मी निघाले.

सिक्स्तो फाटकात उभा होता. आम्हाला बघून त्याचं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. जत्रेतलं त्याला नंतर कळलं होतं, तेव्हापासून तो ह्या घराकडं फिरकला नव्हता.

"निनो, विचारा की!" मागून लालो ओरडला.

"काय विचारू?"

"नेहमीचं!"

सिक्स्तोनं टोपी काढली. मग म्हणाला, "पाणी आलं का, फिदेन्सिओ?"

"आलं!" फिदेन्सिओ म्हणाला. "बादली आण!" आणि माझ्या पाठीवर मला ते खांदे कळले.

मग बेकरीचा कोपरा आला. मी सांगते, त्यानं काही ठरवून केलं नाही. हातच गेला दांड्याकडं, जुन्या सवयीनं. मी मंद झाले. थांबले. फिदेन्सिओ पोराच्या उतरण्याची वाट बघत पुढं बघत राहिला.

लालो हलला नाही. त्यानं दोन्ही हातांनी अपांचा सदरा धरला.

"इथं नाही, अपा," तो म्हणाला. "पुढं."

तर अशी मी. लाज गेली असं समजू नका. धड फौजेची नाही, धड चॉपर नाही, पुढून रुबाब आणि कडेनं पाणवठा. जत्रेत मला पुन्हा फीत मिळाली नाही. रविवारी फिदेन्सिओ चालवतो, चोना मागं छत्री उघडून बसते, आणि पोरं रस्त्यावर बादल्यांसारखे हात करून पळतात. मला अजून अंग चोरून घ्यावंसं वाटतं. पण चोरायला अंगच किती ठेवलंय.

एक मागणं आहे. उद्या तुमच्या घरातली एखादी जुनी, वेडीवाकडी वस्तू कापायला घ्याल, तेव्हा ज्याची आहे त्याला समोर बसवा आणि त्याचा हात कुठं जातो तेवढं बघा. मग काय कापायचं ते कापा.

जा आता. उजेड आहे तोवर निघा. आणि फाटकातून जाताना माझ्याकडं वळून बघितलंत तर बघा. विचारायचं असेल ते मोठ्यानं विचारा, म्हाताऱ्याला हल्ली कमी ऐकू येतं.